माळ, तालीम आणि आडवी बाटली

मावळात तरुण पोरांना व्यसनापासून राखण्याचे काम सरकारी योजनांच्या कितीतरी आधीपासून होत आले आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही या तालुक्याची जुनी खोरी. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावून कामशेत, इंदुरीवरून देहू-आळंदीकडे जाते. तिच्या काठाने वारकरी पंथ रुजला आणि गावोगावच्या दिंड्यांनी, सप्ताहांनी व तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना सांभाळले. पुढे घाटात रेल्वे आली, सरकारी अबकारी आली, दारूबंदीचा कायदा आला आणि पर्यटन आले. प्रत्येक वेळी नशेचे रूप बदलले आणि तिला अडवण्याची रीतही बदलावी लागली.

सर्वांत जुनी आणि अजूनही जिवंत असलेली रीत म्हणजे माळ. देहू हे तुकोबांचे गाव आज मावळ तालुक्याच्या हद्दीला लागून आहे, तर ते ज्या भंडारा डोंगरावर चिंतनाला बसत तो मावळातच येतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला आणि इंद्रायणीकाठच्या गावांचे वर्ष आषाढी-कार्तिकीभोवती बांधले गेले. माळ घेण्याचा विधी साधा असतो. तुळशीच्या मण्यांची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात आणि फडावरचे महाराज किंवा गावातला ज्येष्ठ वारकरी ती उचलून घेणाऱ्याच्या गळ्यात घालतो. पंढरीची वारी करायची, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा आणि मांस-मद्याला शिवायचे नाही, एवढी बांधिलकी त्या क्षणी ठरते. घरचे आणि शेजारचे लोक समोर बसलेले असतात, त्यामुळे त्या शब्दाला गाव साक्षी राहते.

व्यसनाच्या दृष्टीने या माळेचे महत्त्व फार व्यावहारिक आहे. तरुण पोरगा पहिला घोट बहुतेक वेळा मित्रांच्या आग्रहाने घेतो. नको म्हणायला त्याच्याजवळ कारण नसते आणि कारण नसलेला नकार घोळक्यात टिकत नाही. ‘मी माळकरी आहे’ एवढे म्हटले की आग्रह तिथेच थांबतो. सांगणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही राग येत नाही. नकाराला गावाने आधीच मान्यता देऊन ठेवणे ही या पंथाने केलेली मोठीच सोय आहे.

माळेच्या जोडीला अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असे सात दिवस गावातल्या पोरांना कामाला लावतात. टाळ धरायला, पखवाज वाजवायला, पंगतीला वाढायला, मंडप घालायला माणसे लागतात आणि ती सोळा ते पंचवीस या वयातलीच असतात. विसाव्या शतकात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून दारू, कर्ज आणि देवापुढचे पशुबळी यांवर सडकून बोलण्याची रीत महाराष्ट्रभर नेली. श्रोत्यांना थेट प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, ही त्यांची हातोटी होती. देहू आणि आळंदी येथेही त्यांनी धर्मशाळा उभारल्या. अलीकडच्या काळात कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांनी ‘व्यसनमुक्त युवक संघ’ या नावाने वारकरी तरुणांची संघटना उभी केली. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, तेव्हा साताऱ्यात रस्त्यावर उतरलेल्यांत हेच कीर्तनकार पुढे होते.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. माळ मुख्यतः वारकरी घरांत फिरली. कातकरी वस्त्या गावाच्या कडेला राहिल्या, तशाच त्या गावच्या सप्ताहाच्याही कडेला राहिल्या. पुढे हातभट्टीचा सर्वांत मोठा फटका याच वस्त्यांना बसला.

तालीम हे दुसरे ठिकाण. चैत्रातल्या उरुसाला कुस्त्यांचा आखाडा भरवण्याची प्रथा मावळातल्या गावांत आजही आहे. नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्तीपासून शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत सारे गाव फडाभोवती बसते. आखाड्यात उतरायचे तर वर्षभर पहाटे उठून लाल माती उकरावी लागते, जोर-बैठका काढाव्या लागतात आणि खुराक सांभाळावा लागतो. वस्तादाच्या नजरेतून पोराचे काही सुटत नाही. आदल्या रात्री दारू घेतलेला पोरगा सकाळी मेहनतीत लगेच उघडा पडतो. उपदेशाचा एक शब्द न बोलता चालणारी ही देखरेख होती. गावोगावच्या तालमींच्या जागी समाजमंदिरे आणि व्यापारी गाळे उभे राहिले, तेव्हा गावाने नेमके काय गमावले हे लवकर लक्षात आले नाही.

घाटातली रेल्वे हे मावळाच्या इतिहासातले मोठे वळण. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू केले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. कामाच्या भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर डोंगरात राबत होते. पटकी आणि अपघातांनी त्यांतले कितीतरी मेले. खंडाळा-लोणावळा ही त्याआधी घाटमाथ्यावरची लहान वस्ती होती. रेल्वेनंतर तेथे इंजिनशेड, रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे, गोऱ्यांचे बंगले आणि हवापालटाला येणाऱ्यांची वर्दळ झाली. १८७७ मध्ये लोणावळ्याला नगरपालिका मिळाली. रोख पगार, घरापासून दूर राहणारे पुरुष आणि सुट्टीवर आलेले श्रीमंत पाहुणे हे तिन्ही घटक एकाच गावात जमले. लोणावळ्याचा व्यसनाशी आलेला संबंध आजतागायत याच तीन घटकांनी ठरवला आहे.

त्याच सुमारास दारूचा धंदा सरकारच्या हातात गेला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण बसले, ठेके दिले जाऊ लागले आणि दारू हे महसुलाचे साधन बनले. त्यावर पुण्यात लगोलग हरकत घेणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात दारूची नवी दुकाने उघडण्याविरुद्ध नगरपालिकेला लेखी पत्र दिले. दुकाने वाढली की घरे उद्ध्वस्त होतात, असा त्यांचा मुद्दा होता. धर्माज्ञेचा आधार न घेता गोरगरिबांच्या संसाराचा हिशेब मांडून दारूला विरोध करण्याची वाट या भागात त्यांनी घालून दिली. पुढच्या शंभर वर्षांत मावळातल्या बायकांनी हाच हिशेब मांडला.

१९०८ चा उन्हाळा पुण्यात दारूच्या गुत्त्यांवरील निरोधनाने गाजला. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक, त्यांत बरेचसे विद्यार्थी, एप्रिलपासून दुकानांच्या दाराशी उभे राहू लागले. येणाऱ्याला हात जोडून परत जायला सांगायचे, एवढेच काम. स्वयंसेवकांवर खटले झाले. विशेष म्हणजे पुण्याच्या मद्यपाननिषेधक मंडळाचे नेतृत्व कृषी महाविद्यालयाचे इंग्रज प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांच्याकडे होते आणि नेमस्त नेते गोपाळ कृष्ण गोखले यांचीही या कामाला सहानुभूती होती. राजकारणात एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे या एका प्रश्नावर एका बाजूला आली. जूनमध्ये टिळकांना अटक झाली आणि चळवळीचा जोर ओसरला. मावळात त्या काळी स्वदेशीचे वारे तळेगाव दाभाड्यात होते. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय कोल्हापुराहून तेथे आले होते आणि पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्येच तेथे सुरू झाला. राष्ट्रीय शिक्षण, स्वदेशी माल आणि दारूविरोध या तेव्हा एकाच विचाराच्या शाखा होत्या. समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले.

विठ्ठल रामजी शिंदे यांच्या होलिका संमेलनांचा उल्लेख येथे करावाच लागतो. शिमग्याच्या दिवसांत तरुण आणि कामकरी वर्ग दारू आणि अचकटविचकट खेळांकडे वळतो हे पाहून शिंद्यांनी त्याच दिवसांत मर्दानी खेळ, कुस्त्या, गाणी आणि व्याख्याने भरवली. सण काढून घ्यायचा नाही, सणातली पोकळी भरायची, ही त्यांची दृष्टी होती. प्रतिबंधाच्या कामात तिच्याइतका उपयोगी विचार नंतरही क्वचितच कोणी मांडला.

लोणावळ्यात हीच दृष्टी वेगळ्या वाटेने आली. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. ते बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झाले होते आणि अमळनेरला त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले होते. योगाची प्रयोगशाळेत तपासणी हे कैवल्यधामचे वैशिष्ट्य, पण कुवलयानंदांच्या मनात शाळकरी मुलांचे शरीरशिक्षणही तितकेच होते. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, त्याने शारीरिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे दिले. याच मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. अबकारी खाते तेव्हा डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. एका हाताने गुत्ता बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने शाळेत मैदान व योगाचा तास द्यायचा, असा तो दुहेरी कार्यक्रम होता. महायुद्ध सुरू झाल्यावर त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा कार्यक्रम अर्धवट राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून सर्वत्र दारूबंदी लागू झाली. कायद्याचा हेतू शुद्ध होता. मात्र दुकाने बंद झाली तरी पिणारा तसाच राहिला आणि त्याची गरज हातभट्टीने भागवली. काळा गूळ, नवसागर आणि पाणी पिंपात आंबवायचे, ओढ्याच्या काठी आडोशाला भट्टी लावायची, निघालेली दारू ट्यूबमध्ये भरून न्यायची. डोंगर, झाडी आणि बारमाही ओढे असलेला मावळ या धंद्याला सोयीचाच होता. पोलिसांच्या पंचनाम्यांत आजही ‘कच्चे रसायन जागीच नष्ट केले’ हे वाक्य ठरलेले असते. आठ दिवसांत नवे पिंप पुरले जाते, कारण पिंप, गूळ आणि नवसागर यांची किंमत फार नसते. या धंद्याचा मालक सहसा वस्तीबाहेरचा असतो. भट्टीजवळ सापडतो तो पोटासाठी राबणारा मजूर, आणि खटला त्याच्यावर होतो. या दारूत मिथेनॉल मिसळले गेले तर काय होते, ते जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे गेली तेव्हा दिसले.

साठच्या दशकात बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने अधिकृत झाली. कायद्याचे नाव मात्र दारूबंदीचेच राहिले आणि आजही पिण्यासाठी परवाना लागतो. वयाची अट बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांची आहे. काउंटरवर वय विचारले जात नाही तिथे ही अट कागदावर राहते.

देशी दारूच्या दुकानाविरुद्ध गावाने उभे राहण्याचे हत्यार राज्य सरकारने मतदानाच्या रूपाने दिले. २००८ च्या आदेशाने त्याची पद्धत पक्की झाली. गावातल्या किंवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावे म्हणून ही चिन्हे निवडली आणि ‘आडवी बाटली’ हा शब्दच पुढे चळवळीचे नाव झाला. कठीण अट मात्र पुढे आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. लग्न होऊन गेलेली लेक, कामाला परगावी गेलेली सून, यादीतून न काढलेली मयत आजी, यांची नावे आपोआप दुकानाच्या बाजूला मोजली जातात. निवडणुकीत आमदारालाही न लागणारी अट दारूचे दुकान हटवायला निघालेल्या बायकांना लावणे अन्यायाचे आहे. मतदानाच्या आधी सर्वांत मोठे काम असते ते यादी दुरुस्त करण्याचे, आणि ते केलेल्या गावांतच बाटली आडवी होते. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अवैध दारूवर नजर ठेवणाऱ्या ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. अण्णा हजारे यांनी त्यासाठी आग्रह धरला होता.

दारूबरोबर ऐंशीच्या दशकात गर्द आले. ब्राउन शुगरला मुंबई-पुण्याकडे पडलेले हे नाव अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने घराघरांत पोहोचवले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. मावळातल्या कितीतरी घरांना उपचारासाठी जवळचा म्हणावा असा हाच आधार होता. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानायचे, बरे झालेल्यांनीच नव्यांना सांभाळायचे आणि बायकोलाही उपचारात सामील करून घ्यायचे, ही तिथली पद्धत. तरुणाला वाचवायचे तर त्याच्या आई-बापाला काय बोलायचे हे शिकवावे लागते, हे मराठी समाजाला या संस्थेने समजावले. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांच्या ‘परिवर्तन’ संस्थेनेही याच धर्तीवर काम केले. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा त्याआधीच झाला होता. मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ त्याच्या यादीत २०१५ मध्ये आले.

शाळांतले काम तंबाखूपासून सुरू झाले आणि ते योग्यच होते. मळलेली तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांना गावात कोणी नशा समजत नसे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली. शाळेच्या भिंतीवर फलक लावणे सोपे असते. शंभर यार्डांतली टपरी हलवणे अवघड, कारण टपरीवाला गावातलाच असतो आणि कधी शिक्षकही त्याचे गिऱ्हाईक असतात.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मावळाची जमीन सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. तळेगावला औद्योगिक वसाहत वाढली, पवना धरणाच्या काठी तंबूंची शिबिरे लागली, लोणावळ्याभोवती भाड्याच्या बंगल्यांची रांग उभी राहिली. काही घरांत जमिनीचा पैसा एकदम आला आणि शेतीचे काम गेले. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हातात गाडी आली, दिवस रिकामा राहिला. दुसरीकडे बंगल्यांवर आणि शिबिरांत काम करणारी स्थानिक मुले दर शनिवार-रविवारी पाहुण्यांची मद्याची मेजवानी जवळून पाहू लागली. पाहुणा सोमवारी घरी जातो. त्याच्यासाठी ती एका दिवसाची गंमत असते, तीच वाढप्या मुलासाठी आठवड्याची सवय होऊ शकते. या धोक्याबद्दल पर्यटनाच्या योजनांत फारसे काही नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला. वीस हजारांखालच्या वस्तीला २२० मीटरांची सवलत मिळाली. कामशेत, वडगाव, तळेगाव ही जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरची गावे असल्याने त्याची झळ मावळात लगेच जाणवली. काही महिन्यांतच नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना न्यायालयाने मोकळीक दिली आणि लोणावळ्यासारख्या गावांना आदेशाचा धाक उरला नाही.

गेल्या काही वर्षांत पोलीस, शाळा आणि तरुण मंडळे एकत्र काम करू लागली आहेत. लोणावळा उपविभागातल्या पोलिसांनी ‘संकल्प नशामुक्ती अभियान’ या नावाने छापे आणि जनजागृती यांची सांगड घातली. पावसाळ्यात भुशी धरण आणि लायन्स पॉइंटसारख्या ठिकाणी मद्य नेण्यास व पिण्यास जिल्हा प्रशासन मनाई करते. ३१ डिसेंबरला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत चौकाचौकांत दूध वाटतात. त्याच रात्री महाराष्ट्रातल्या दुर्गप्रेमी संघटनांची मुले गडांवर पहारा देतात, पायथ्याशी पिशव्या तपासतात आणि बाटल्या खालीच ठेवायला लावतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची आणि कोरीगड ही मावळ-मुळशीच्या डोंगरातली नावे ट्रेकिंगला येणाऱ्यांच्या तोंडी असतात. गडसंवर्धनाचे काम करणारी मुले सुट्टीच्या दिवशी टाकी साफ करतात, पडलेल्या तटाचे दगड उचलतात. वस्तादाची तालीम गेल्यावर अंगमेहनत, शिस्त आणि सोबत या तिन्ही गोष्टी पोरांना पुन्हा मिळाल्या त्या येथे. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्याने या मुलांच्या कामाला वजनही आले आहे.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी नशामुक्त भारत अभियान सुरू केले. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती नाव न सांगता देण्यासाठी जुलै २०२४ पासून १९३३ हा ‘मानस’ मदत क्रमांक आहे, त्यावर समुपदेशनही मिळते. मावळातल्या अनेक घरांत मुलगा व्यसनात अडकल्याचे आधी आईला कळते आणि बदनामीच्या भीतीने ती महिनोन्‌महिने गप्प राहते. म्हणून हे क्रमांक शाळेच्या फलकाइतकेच रेशन दुकानात, दूध डेअरीत आणि बचत गटाच्या बैठकीत लावण्याची गरज आहे.